खरे काय आणि छापलेले काय : विकिपीडियावरील चरित्रांचे वाद

विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जिमी वेल्स यांचा जन्म अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल शहरात १९६६ च्या ऑगस्ट महिन्यात झाला, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पंचाईत आहे ती तारखेची. जन्म ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीपूर्वी थोडा वेळ आधी झाला आणि दाखल्यावर मात्र ८ ऑगस्ट अशी नोंद पडली. आता चरित्र लिहिणाऱ्याने कोणती तारीख घ्यावी? शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावून टाकलेल्यांची एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे, त्यामुळे हा पेच मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कागदावरचे आणि घरातले यांत फरक असतो, हे आपल्याला पाठ आहे. विकिपीडियावरच्या चरित्रलेखांचे बहुतेक वाद याच फटीतून उगवतात, फक्त तिथे पणाला लागलेली गोष्ट वाढदिवसाहून बरीच मोठी असते.

मराठी विश्वकोशाची नोंद उघडली तर शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव दिसते. नोंद कोणी लिहिली, त्याचा अधिकार काय, संपादक मंडळात कोण होते, हे सारे कळते आणि चूक निघाली तर दोष कोणाला द्यायचा हेही ठाऊक असते. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही घडी मोडली. तिथे लेखाला लेखक नसतो. कोणीही यावे, वाक्य बदलावे, निघून जावे. प्रत्येक बदल वेळेसह ‘इतिहास’ या पानावर नोंदला जातो आणि मतभेद झाले तर लेखाला जोडलेल्या ‘चर्चा’ पानावर ते मांडायचे असतात. लिहिणाऱ्याच्या अधिकारावर विश्वास ठेवण्याची सोय उरली नाही, म्हणून विकिपीडियाने तो विश्वास संदर्भांवर टाकला. एखादे विधान खरे आहे की नाही हे संपादकांनी स्वतः ठरवायचे नाही. ते विश्वासार्ह आणि स्वतंत्र अशा प्रकाशित साधनात आले आहे का, एवढेच तपासायचे. त्याच्या जोडीला आणखी दोन नियम आहेत. स्वतःचे नवे संशोधन लेखात घालायचे नाही आणि मांडणी तटस्थ ठेवायची. हे तीन नियम नीट समजले की वाद का होतात हेही बरेचसे समजते, कारण ज्याच्याविषयी लेख आहे त्याला यातला पहिला नियम जवळजवळ नेहमीच अन्यायकारक वाटतो.

अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांचा २०१२ मधला अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्यांच्या एका कादंबरीतील नायक कोणावरून सुचला, याविषयी विकिपीडियाच्या लेखात समीक्षकांचा तर्क दिला होता. रॉथ यांचे म्हणणे होते की तो तर्क साफ चुकीचा आहे आणि पुस्तक मीच लिहिले असल्यामुळे मला ते ठाऊक आहे. दुरुस्तीची विनंती गेली तेव्हा उत्तर मिळाले की लेखक हा स्वतःच्या लेखनाचा मोठा जाणकार असतो हे मान्य, परंतु आम्हाला दुय्यम साधने, म्हणजे इतरांनी त्याविषयी प्रसिद्ध केलेले लेखन, लागतात. चिडून रॉथ यांनी ‘द न्यू यॉर्कर’च्या संकेतस्थळावर अनावृत पत्र प्रसिद्ध केले आणि ते प्रसिद्ध झाल्याबरोबर तेच प्रकाशित साधन ठरून लेखात त्याची दखल घेतली गेली. लोक हा किस्सा विकिपीडियाची खिल्ली उडवण्यासाठी सांगतात. मला त्या नियमात खोट दिसत नाही. ‘मी स्वतः सांगतो आहे’ हे वाक्य इंटरनेटवर कोणीही कोणाच्याही नावाने लिहू शकतो, आणि तो माणूस खरोखर तोच असला तरी स्वतःविषयी खरेच बोलेल याची हमी काय? पण नियम बरोबर असला तरी तो पाळताना समोरच्याला मिळणारे उत्तर किती कोरडे असते, हे त्या पत्रामुळे दिसले.

नियम नुसता कागदावर असून भागत नाही, याचा धडा विकिपीडियाला त्याआधीच, २००५ मध्ये मिळाला होता. जॉन सायगेन्थॉलर हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ज्येष्ठ पत्रकार. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते आणि पुढे रॉबर्ट यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ते होते. मे २००५ मध्ये कोणा निनावी व्यक्तीने त्यांच्यावरील लेखात असे लिहिले की जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा थेट हात असल्याचा काही काळ संशय होता. पुढे ते बरीच वर्षे सोव्हिएत संघात राहिले, अशीही पुस्ती जोडली. यातला शब्दन् शब्द खोटा होता. तरी तो मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला आणि विकिपीडियाची नक्कल करणाऱ्या इतर संकेतस्थळांवरही जाऊन बसला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सायगेन्थॉलर यांनी, ज्याच्या उभारणीत त्यांचा स्वतःचा वाटा होता त्या ‘यूएसए टुडे’ दैनिकात लेख लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला. मजकूर लिहिणारा पुढे सापडला. तो नॅशव्हिलमधल्या एका लहान कंपनीतला कर्मचारी होता आणि सहकाऱ्याची गंमत करायची म्हणून त्याने ते लिहिले होते. हे सारे खरे धरून कोणी बसेल, असे त्याला वाटलेच नव्हते.

सायगेन्थॉलर यांनी त्याच्यावर खटला भरला नाही. विकिपीडियावरही भरता आला नसता, कारण वाचकांनी टाकलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी संकेतस्थळाच्या मालकावर येत नाही, अशी तरतूद अमेरिकेत १९९६ पासून आहे. मात्र या प्रकरणाचा परिणाम लगेच दिसला. इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवा लेख सुरू करण्यास बंदी आली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण आकारास आले. त्या धोरणाचा गाभा असा की जिवंत माणसाविषयीचे वादग्रस्त विधान संदर्भाशिवाय किंवा कच्च्या संदर्भावर उभे असेल, तर चर्चेची वाट न पाहता ते तत्काळ काढून टाकावे. एरवी विकिपीडियाची रीत ‘असू द्या, कोणीतरी संदर्भ जोडेल’ अशी असते. इथे ती उलटी केली आहे. एखाद्यावर आरोप झाला पण तो सिद्ध झालेला नाही आणि ती व्यक्ती सार्वजनिक जीवनातली नाही, तर तो आरोप लिहावा की नाही याचाही गंभीरपणे विचार करावा, असे धोरण सांगते. न्यायालयीन कागदपत्रे स्वतः शोधून काढून त्यांच्या आधारे जिवंत माणसाविषयी विधान करण्यासही त्यात मनाई आहे. २०१० पासून तर हयात व्यक्तीवरील ज्या नव्या लेखाला एकही संदर्भ नाही, तो ठरावीक दिवसांत संदर्भ न मिळाल्यास वगळला जातो.

एवढी कडक भाषा कशासाठी, असे वाटत असेल तर तुर्की वंशाचे इतिहासकार तानेर अक्चाम यांची हकिगत पाहावी. आर्मेनियन वंशसंहारावर लिहिणाऱ्या या अभ्यासकाला २००७ च्या फेब्रुवारीत कॅनडातील माँट्रियाल विमानतळावर काही तास अडकवून ठेवले गेले. ते व्याख्यान देण्यासाठी आले होते. अधिकाऱ्यांच्या हाती कागद होता तो त्यांच्या विकिपीडिया लेखाच्या छापील प्रतीचा, आणि तीही अशा एका दिवसाची, जेव्हा विरोधकांनी त्या लेखात त्यांना दहशतवादी ठरवणारा मजकूर घुसडला होता.

भारतातले अलीकडचे उदाहरण क्रिकेटचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला आणि त्याच रात्री त्याच्या लेखात ‘भारत’च्या जागी ‘खालिस्तान’ लिहिण्याचे प्रकार झाले. स्वयंसेवकांनी ते बदल थोड्याच वेळात उलटवले, लेखाला कुलूप घातले, तरी तेवढ्या वेळात त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली होती आणि केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाच्या प्रतिनिधींना बोलावून जाब विचारला. सायगेन्थॉलर यांच्या बाबतीत चार महिने आणि अर्शदीपच्या बाबतीत काही मिनिटे, या फरकात मोठे इंगित आहे. ज्या लेखावर शेकडो जणांचे लक्ष असते तिथली उघड शिवीगाळ टिकत नाही. काही वेळा तर ती माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वीच ‘सांगकाम्या’, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, पुसून टाकतो. खरा धोका असतो तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या माजी आमदाराच्या, निवृत्त प्राध्यापकाच्या किंवा दोन-चार नाटकांत चमकलेल्या नटाच्या लेखाला. त्यावर कोणाचीच नजर नसते, आणि तिथे सभ्य भाषेत लिहिलेले, खरे वाटेल असे एक खोटे वाक्य वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकते.

आणि ते नुसते नांदत नाही, त्याला पुरावाही जन्माला येतो. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीच्या अर्थमंत्रिपदी कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची निवड होत असताना कोणा अनामिकाने जर्मन विकिपीडियावर त्यांच्या लांबलचक नावात ‘विल्हेल्म’ हे आणखी एक नाव गुपचूप घुसवले. सरदार घराण्यातल्या या मंत्र्याची आधीच दहा नावे होती, अकराव्याने कोणाला काय कळणार? दुसऱ्या दिवशी अनेक जर्मन वृत्तपत्रांनी आणि वृत्तसंकेतस्थळांनी ते अकरा नावांसह छापले. मग विकिपीडियावर कोणी शंका काढली तेव्हा त्याच बातमीकडे बोट दाखवण्यात आले. लेखातून बातमी आणि बातमीतून लेखाला संदर्भ, असे हे चक्र एकदा पूर्ण झाले की बाहेरून पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. त्याच वर्षी फ्रेंच संगीतकार मॉरिस जार यांच्या निधनानंतर डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या तोंडी एक सुंदर, मरणावर भाष्य करणारे अवतरण घालून पाहिले. संदर्भ नाही म्हणून विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी ते काढले. पण तोवर अनेक देशांतल्या दैनिकांनी ते मृत्युलेखांत वापरून टाकले होते. इथे नोंद घेण्याजोगे हे की संदर्भाचा नियम स्वयंसेवकांनी पाळला आणि पगारी पत्रकारांनी पाळला नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी २०१७ मध्ये ब्रिटनचे ‘डेली मेल’ हे दैनिक साधारणपणे संदर्भ म्हणून वापरायचे नाही असे ठरवले, त्यामागे याच प्रकारचा अनुभव होता.

आतापर्यंत सांगितले ते खोट्या मजकुराचे. खोटे निदान खोडता तरी येते. पक्षपात बहुधा खऱ्या वाक्यांमध्ये राहतो आणि म्हणून त्यावरचे वाद अधिक चिवट असतात. कल्पना करा की एखाद्या कार्यकर्त्याने तीस वर्षे पाणलोटाचे काम केले आणि त्या काळात त्याच्यावर एकदा गुन्हा दाखल होऊन पुढे तो निकालात निघाला. कामाच्या बातम्या तालुक्याच्या साप्ताहिकांत आल्या, जी आज कुठेही जपलेली नाहीत. गुन्ह्याची बातमी मोठ्या दैनिकांच्या संकेतस्थळांवर आली, जी एका शोधासरशी सापडते. प्रामाणिक संपादकानेही हाताशी असलेल्या संदर्भांवरून लेख लिहिला तर तीस वर्षांना दोन ओळी आणि त्या एका महिन्याला दोन परिच्छेद मिळतात. त्यात एकही वाक्य खोटे नसते आणि तरीही लेख त्या माणसावर अन्याय करतो. कोणत्या गोष्टीला किती जागा द्यायची, यासाठी विकिपीडियाच्या धोरणात ‘योग्य महत्त्व’ ही कल्पना आहे. परंतु महत्त्व मोजायचे ते प्रकाशित साधनांतल्या प्रमाणावरून, त्यामुळे साधनांचाच तोल गेलेला असेल तर लेखाचाही जातो. क्रियापदांचे खेळ तर आणखी बारीक असतात. एकच विधान ‘ते म्हणाले’, ‘त्यांनी दावा केला’ आणि ‘त्यांनी कबूल केले’ अशा तीन रीतींनी लिहिले की वाचकाच्या मनात तीन वेगवेगळी माणसे उभी राहतात. चर्चा पानांवर एका क्रियापदासाठी पानेच्या पाने भांडणे होतात, आणि बाहेरच्याला पोरकट वाटणाऱ्या त्या भांडणांत बरेचदा तथ्य असते.

उलट बाजूचा पक्षपात म्हणजे स्वतःच स्वतःचे चरित्र घडवणे. वेल्स यांनीही २००५ मध्ये आपल्या लेखात हात घातला होता. लॅरी सँगर यांना सहसंस्थापक म्हणावे की नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता आणि ते प्रकरण उघड झाल्यावर वेल्स यांना दिलगिरीचा सूर लावावा लागला. आज पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या संस्था आहेत. मोबदला घेतला असेल तर तो जाहीर करण्याचे बंधन विकिपीडियाने घातले आहे, पण जाहीर न करणाराच पकडायचा असल्यामुळे ते काम किचकट आहे. निवडणुकीच्या हंगामात एखाद्या लेखात अचानक ‘लोकप्रिय’, ‘धडाडीचे’, ‘जनसामान्यांचे’ अशी विशेषणे उगवू लागली की समजावे.

चरित्रात काय लिहावे याच्याआधीही एक प्रश्न असतो : चरित्र कोणाचे असावे? २ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा विकिपीडियावर त्यांचा लेख नव्हता. त्याच संशोधनासाठी त्यांच्यासह ज्यांना ते मिळाले त्या जेरार मूरू यांचा होता. काही महिन्यांपूर्वी स्ट्रिकलंड यांच्यावरील मसुदा दाखल झाला होता, मात्र त्यातल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र लेख असण्याची पात्रता, सिद्ध होत नाही असे सांगून तो नाकारण्यात आला होता. भौतिकशास्त्राचे नोबेल ५५ वर्षांनी एका स्त्रीला मिळाले, आणि तिची योग्यता दाखवणारी वृत्तपत्रीय साधने त्या पारितोषिकाच्या दिवसापर्यंत जवळपास नव्हती. दोष मसुदा नाकारणाऱ्याचा की तिच्याविषयी काहीच न छापणाऱ्या जगाचा? माझ्या मते दोघांचा, पण समान नाही. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे २०१४ च्या सुमारास १५-१६ टक्के होती. स्वयंसेवकांनी मोहीम चालवून ती आता सुमारे २० टक्क्यांपर्यंत नेली आहेत. दहा वर्षांच्या कष्टांचे हे फळ आहे, यावरून मूळ साधनांतली टंचाई किती खोल आहे ते कळावे.

मराठी माणसाला हा विषय सर्वांत जवळून भिडला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. छत्रपती संभाजी महाराजांवरील चित्रपट गाजत असताना इंग्रजी विकिपीडियावरील त्यांच्या चरित्रातल्या काही मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला, मुख्यमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले, महाराष्ट्र सायबर विभागाने मजकूर काढण्याची नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. हयात व्यक्तींचे धोरण इथे लागू होत नाही, कारण हे ऐतिहासिक चरित्र आहे. इथे प्रश्न साधनांच्या निवडीचा आहे. संभाजी महाराजांची बखरींतली प्रतिमा आणि विसाव्या शतकातल्या मराठी संशोधकांनी मूळ कागदपत्रे तपासून उभी केलेली प्रतिमा यांत मोठे अंतर आहे. नियमानुसार मराठी ग्रंथाचा संदर्भ इंग्रजी लेखात चालतो. व्यवहारात मात्र तो ग्रंथ वाचून पडताळू शकेल असा संपादक त्या चर्चेत हजर असावा लागतो, आणि तो बहुधा नसतो. मग इंग्रजीत सहज मिळणारे पुस्तक आपोआप वजनदार ठरते. पोलिसांच्या नोटिशीने ही उणीव भरून निघत नाही असे मला वाटते, तसेच मराठी वाचकांचा राग निव्वळ भावनिक होता असे म्हणणेही खरे नाही.

ऐतिहासिक वादांत तटस्थता म्हणजे काय, हे शिवजन्मतिथीच्या वादावरून चांगले समजते. शके १५४९ मधील वैशाखातली तिथी की जेधे शकावलीतली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, यावर महाराष्ट्रात अनेक दशके वाद चालला आणि अखेर राज्य शासनाने दुसरी तारीख स्वीकारली. विकिपीडियाच्या पद्धतीने लिहायचे तर कोणती तारीख खरी हे संपादकाने सांगायचे नाही. कोणत्या साधनात काय आहे, बहुसंख्य अभ्यासक कशाच्या बाजूने आहेत, शासनाने काय मानले आणि दुसरे मत कोण मांडते, एवढे ज्याचे त्याच्या नावावर लिहायचे. दोन्ही मतांना सारखी जागा द्यावी असा मात्र त्याचा अर्थ होत नाही, आणि हा गैरसमज चर्चा पानांवर फार आढळतो.

वाद हाताबाहेर जाऊ नये म्हणून व्यवस्था आहेत. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर संपादकावर बंदी येऊ शकते. तापलेले लेख प्रचालक, म्हणजे जादा अधिकार दिलेले संपादक, कुलूपबंद करतात. हयात व्यक्तींच्या तक्रारींसाठी स्वतंत्र फलक आहे. पण ही यंत्रणा चालते ती माणसांच्या संख्येवर. क्रोएशियन विकिपीडियावर मूठभर अतिउजव्या प्रचालकांनी वर्षानुवर्षे कब्जा ठेवून इतिहासाची आणि व्यक्तींची मांडणी आपल्या सोयीने केली, हे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सविस्तर आले आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथली ‘चावडी’ (सामायिक चर्चेचे पान) आणि ‘धूळपाटी’ (सरावाचे पान) ही नावे ऐकून मन प्रसन्न होते, पण लेखसंख्या लाखाच्या आसपास असताना नियमित राबणारे हात फारच थोडे आहेत. अशा ठिकाणी दोन माणसांचे पटले नाही तर तिसरा मध्यस्थ मिळणेही अवघड होते.

स्वतःविषयीच्या लेखात चूक सापडलीच, तर थेट संपादन करण्याऐवजी चर्चा पानावर आपण कोण ते सांगून, चुकीचे वाक्य जसेच्या तसे उद्धृत करून आणि योग्य माहितीचा प्रकाशित संदर्भ देऊन विनंती करावी. बदनामीकारक आणि संदर्भहीन मजकूर असेल तर तो काढण्याची मागणी त्याच दिवशी मान्य होऊ शकते. जन्मतारखेसारख्या निरुपद्रवी गोष्टींसाठी त्या व्यक्तीचे स्वतःचे प्रसिद्ध केलेले निवेदनही चालते. आणि आपली पूर्ण जन्मतारीख जगजाहीर नको असेल, तर तसे कळवल्यावर इंग्रजी विकिपीडियाचे संपादक फक्त वर्ष ठेवतात. १ जूनवाल्यांना ही सोय विशेष आवडावी.